किल्टची लांबी गुडघ्याला विचारा, हवेला नको

दर सप्टेंबरात इथे स्कॉटलंडमध्ये, एडिनबरा, ग्लासगो, डंडी, अ‍ॅबर्डीनला आपली मुलं शिकायला येतात. नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्यांतल्या कुणाला तरी इथल्या लग्नाचं नाहीतर केलीचं आमंत्रण येतं. केली म्हणजे फिडल आणि अ‍ॅकॉर्डियनच्या तालावर सगळ्यांनी मिळून घामाघूम होईपर्यंत नाचायचा कार्यक्रम. मग मला निरोप येतो : "दादा, किल्ट घेतोय. थंडी फार आहे, जरा लांब मागवू का?"

नको मागवूस. किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख, थंडीसाठी लांब करत नाहीत, उन्हाळ्यासाठी आखूडही करत नाहीत. लांबी गुडघ्यावरून एकदाच ठरते आणि मग वर्षभर तीच. हवेप्रमाणे बदलायचं ते कापडाचं वजन, निऱ्यांचा घेर, मोजे आणि अंगावरचे कपडे. साध्या स्कर्टचं गणित वेगळं आहे, तिथे लांबी खरोखरच हवेवर ठरते. त्याबद्दलही लिहितो, पण शेवटी.

किल्टची ओळख, लुगड्याच्या भाषेत

घरात कुणाला लुगडं किंवा धोतर नेसताना पाहिलं असेल तर किल्ट पटकन समजतो. एक लांबलचक कापड. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात, वरच्या पदराची मोकळी कड तुमच्या उजव्या हाताला. मागे 25-30 निऱ्या. या निऱ्या रोज घालाव्या लागत नाहीत. शिवणाऱ्याने कमरेपासून नितंबांपर्यंत टाके घालून त्या पक्क्या बसवलेल्या असतात, तिथून खाली त्या मोकळ्या सुटतात. पूर्ण घेराच्या किल्टला 8 वार कापड लागतं असं म्हणतात ते एकेरी पन्ह्याचं. गिरणीतून येणारं टार्टन, म्हणजे किल्टचं चौकड्यांचं लोकरी कापड, साधारण दीड मीटर रुंद असतं, ते लांबीच्या दिशेने मधोमध कापून दोन पट्टे जोडले की 4 वारांत काम भागतं.

आता लांबीच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. किल्टला खाली दुमड नसते. साडीला विणलेला काठ असतो तसा टार्टनचा विणलेला काठ हीच किल्टची खालची कड. त्यामुळे पँटसारखं "2 इंच आत घाला हो" इथे चालत नाही. आखूड करायचा तर वरून करावा लागतो, म्हणजे कमरपट्टा, अस्तर, बकलं सगळं उसवून नव्याने बसवायचं. पैसे जवळजवळ नव्या शिलाईचेच पडतात. हट्टाने खालून दुमडलाच, तर प्रत्येक निरीच्या जागी कापडाचे थर दुप्पट होतात आणि कड फुगून गादीच्या शिवणीसारखी दिसते. लांबी चुकली की चुकली. म्हणून पुढच्या दोन पायऱ्यांना घाई करू नका.

पायरी 1 : आपली खरी कंबर शोधा

आपल्यापैकी बहुतेकांची पँट पोटाखाली अडकवलेली असते. 34 ची जीन्स घालणाऱ्या माणसाचं बेंबीवरून माप घेतलं तर ते 36, 37, कधी 38 सुद्धा भरतं. किल्ट बसतो तो बेंबीच्या पातळीवर, आणि त्याची वरची कड तिथून आणखी दोनेक बोटं वर, बरगड्यांच्या जरा खाली येते. पँटचा नंबर सांगून किल्ट मागवणं ही नवख्यांची पहिली चूक. तीच मी केली होती.

टेप घ्या, शर्ट वर करा, पोट आत ओढू नका. पहिलं माप बेंबीवरून गोल. दुसरं नितंबांच्या सर्वांत रुंद भागावरून. तिसरं लांबीचं, आणि ते स्वतःचं स्वतःला घेता येत नाही, कारण खाली बघायला वाकलात की टेप इंचभर फसवते. रूममेटला बोलवा. तुम्ही ताठ उभं राहून समोरच्या भिंतीकडे बघायचं, त्याने बाजूने बेंबीच्या पातळीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत टेप सरळ धरायची. तीनदा मापून तिन्ही आकडे कागदावर लिहा. दोन आकडे जुळले तर तेच घ्या, तिन्ही वेगळे आले तर रूममेट बदला.

माझी उंची 5 फूट 6 इंच आणि हे माप 22.5 इंच. दुकानात टांगलेले तयार किल्ट मात्र बहुधा 24 इंची असतात, इथल्या मध्यम उंचीच्या पुरुषाच्या हिशोबाने. आपल्या उंचीच्या माणसाला ते हमखास लांब होतात. उंचीवरूनही अंदाज बांधू नका. एकाचं धड लांब असतं, दुसऱ्याच्या तंगड्या, आणि सारख्या उंचीच्या दोघांत इंचभराचा फरक सहज पडतो.

पोट सुटलेलं असेल तर शिवणाऱ्याला ते मोकळेपणाने सांगा. पोटावरून किल्ट पुढे खाली उतरतो आणि मागे वर चढतो, म्हणजे पुढून वाटी झाकलेली आणि मागून मांड्यांपर्यंत हवा. चांगला कारागीर मापातच हे सांभाळून घेतो.

पायरी 2 : गुडघे टेकून खात्री करा

किल्ट हातात आला की कमरेला बकलं लावा आणि जमिनीवर दोन्ही गुडघे टेका. टाचांवर बसायचं नाही, मांड्या आणि पाठ ताठ. आता कड जमिनीपासून साधारण 1 इंच वर असली पाहिजे. जमिनीला टेकून पसरली तर लांब आहे. 2 इंचांहून जास्त फट दिसली तर आखूड. उभं राहिल्यावर कड वाटीचा वरचा काठ ते वाटीचा मध्य या दरम्यान कुठेतरी यावी. वाटीच्या खाली कधीच नाही.

मग खुर्चीवर बसून पाहा. बसल्यावर कड 3-4 इंच वर सरकते. म्हणून उभं असताना "जरा आखूडच छान दिसतोय" असं वाटलं तरी त्या मोहात पडू नका. इथे एका राजाची फजिती झाली आहे. 1822 च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिनबराला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाटमाट जमवला होता, आणि नुकत्याच साठीला पोचलेल्या, चांगल्याच देहभाराच्या राजाने हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाचा, पोशाख चढवला. किल्ट गुडघ्याच्या बराच वर आणि खाली अंगाच्या रंगाची तंग विजार. महाराजांचा मुक्काम थोडाच आहे, तेव्हा जितकं जास्त दर्शन घडेल तितकं बरं, असा एका खानदानी बाईंनी टोमणा मारला म्हणतात. पुढे चित्रकार डेव्हिड विल्कीने त्याचं चित्र काढलं त्यात राजाचे पाय बरेच सावरून घेतले आहेत आणि ती विजार गायब आहे. तुम्हाला विल्की मिळणार नाही, मोबाइलचा कॅमेरा मिळेल.

माझी चूक उलट्या दिशेची. पहिल्या वर्षी लॉक लोमंडकाठी एका सहकाऱ्याचं लग्न होतं. मी ऑनलाइन तयार किल्ट मागवला, पँटची 34 कंबर सांगून, लांबी 24 इंच. तो बेंबीवर बसेचना, म्हणून जीन्ससारखा खाली उतरवून कमरेच्या हाडांवर लावला. लांबी आधीच दीड इंच जास्त, त्यात किल्ट तीनेक इंच खाली सरकलेला. कड आली वाटीखाली चांगली दोन-तीन बोटं. आरशात वाटलं, बरंय, थंडी वाजणार नाही. चर्चमधून बाहेर पडलो तोच पाऊस सुरू झाला, आणि भिजलेली जड कड दर पावलाला नडगीवर फटकारू लागली, ओला टॉवेल मारल्यासारखी. मोज्यांनी ते पाणी टिपून बुटांत पोचवलं. जेवणाच्या टेबलावर नवऱ्या मुलाचे आजोबा खाली वाकून माझे पाय न्याहाळून म्हणाले, "पोरा, हा आजीचा तर नाही ना घातलास?"

त्या संध्याकाळी डोक्यात पक्कं बसलं की गुडघा उघडा ठेवण्यामागे पावसाचाही विचार आहे. चामडीवरचं पाणी पुसून टाकता येतं, भिजलेलं लोकरी कापड दिवसभर वाळत नाही.

पायरी 3 : वजन निवडा, हवा इथे येते

किल्टच्या कापडाचं वजन औंसांत सांगतात, आणि ते रुंद पन्ह्याच्या एका वाराचं असतं. दुकानात तीन आकडे कानावर येतील. 10-11 औंस म्हणजे वाराला साधारण 300 ग्रॅम, हे हलकं. 13 औंस म्हणजे सुमारे 370 ग्रॅम, मधलं. 16 औंस म्हणजे सुमारे 450 ग्रॅम, जड. पलटणींसाठी याहूनही जड विणतात. 16 औंसांचा पूर्ण घेराचा किल्ट पावणेदोन-दोन किलो भरतो. हातात घेतल्यावर ओझं वाटतं, पण कमरेवर बसला की भार सगळीकडे वाटला जातो आणि दोन तासांत विसरायला होतं.

जड कापडाचा खरा फायदा ऊब हा नाहीच. निरी पडते कशी, ते बघा. 16 औंसांची निरी चालताना मागे झुलते आणि थांबलात की आपसूक जागेवर येते. 10 औंसांची निरी बसून उठलात की चुरगळलेली राहते आणि वाऱ्यात तर तिला काही धरबंधच नसतो.

एकच किल्ट घ्यायचा आणि राहायचं इथेच, तर 16 औंस घ्या. दोन वर्षांत भारतात परतायचं असेल आणि तिथेही घालायचा असेल तर 13 औंस. 10 औंसांचा पहिला किल्ट कुणीच घेऊ नये असं माझं मत आहे. दुकानदार तो उन्हाळ्यासाठी म्हणून पुढे करतो, पण इथल्या उन्हाळ्यातही वारा असतोच.

5 वारांचा किल्टही मिळतो. निऱ्या कमी आणि उथळ, किंमत कमी, वजन कमी. रोजच्या वापराला आणि डोंगरात फिरायला चांगला. पॉलिव्हिस्कोस नावाचं मिश्र कापड धुता येतं, लवकर वाळतं, भर पावसात घालायला जीव कचरत नाही. अ‍ॅक्रिलिक मात्र टाळा. पर्यटकांच्या रस्त्यावर 30-40 पौंडांत टांगलेले किल्ट बहुतेक तसले असतात, बरेचसे सियालकोटहून आलेले. सियालकोटची कारागिरी वाईट नाही, बॅगपाइप बनवण्यात त्या गावाचं मोठं नाव आहे. दोष कापडाचा. कोरड्या थंडीत ते मांड्यांना चिकटतं आणि ठिणग्या उडवतं.

लग्न एकच असेल तर विकत घेऊच नका, भाड्याने घ्या. फक्त तिथेही पायरी 1 आणि 2 सोडू नका, आणि आतून चड्डी घाला. किल्टच्या आत काय घालतात, तो सुप्रसिद्ध प्रश्न तुम्हाला विचारला जाईलच, त्याचं उत्तर भाड्याच्या किल्टच्या बाबतीत तरी ठरलेलं आहे.

पायरी 4 : हवेप्रमाणे बाकीचं बदला

*थंडी.* माझ्या पहिल्या बर्न्स नाइटला, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिनी, 25 जानेवारीला, निघायच्या आधी आईचा व्हिडिओ कॉल आला. "अरे, बर्फात पाय उघडे टाकून कुठे निघालास? सर्दीने मरशील!" मी कॅमेरा खाली करून दाखवला. "आई, उघडं किती आहे बघ की. वाटीभर!" आणि खरंच तेवढंच उघडं असतं. पुढे मांड्यांवर कापडाचे दोन थर, मागे निऱ्यांचे तीन-तीन थर, कमरेवर बरगड्यांपर्यंत लोकर. खाली लांब मोजे, ज्यांची दुमड वाटीच्या दोन-तीन बोटं खाली येते. उघडा पट्टा चार-पाच इंचांचा.

म्हणून थंडीत आधी मोजे बदला. शून्याच्या खाली जाणार असेल तर जाड लोकरी मोजे घ्या, आणि त्यांच्या दुमडीखाली गार्टर (मोजे धरून ठेवणारा पट्टा) नीट आवळा, कारण मोजा घसरला की उघडा पट्टा दुप्पट होतो. वर लोकरी स्वेटर, ट्वीडचं जाकीट, मफलर. धड गरम असेल तर गुडघे कुरकुर करत नाहीत. बस स्टॉपवर बराच वेळ उभं राहायचं असेल तर आतून सायकलवाल्यांची आखूड तंग विजार घाला, कुणाला दिसत नाही. आणि लक्षात ठेवा, केलीच्या हॉलमध्ये पोचल्यावर दोन नाचांत जाकीट उतरवावं लागणार आहे. मी पाहिलेली घेरी थंडीने आलेली नव्हती, ती हॉलमधल्या उकाड्याने आली होती.

जुन्या काळचा किल्ट म्हणजे फक्त खालचा भाग नव्हता. कित्येक वार लोकरी कापड कमरेला पट्ट्याने बांधायचं, खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा खांद्यावरून मागे. पाऊस आला, गारठा वाढला की वरचा भाग डोक्यावरून ओढून घ्यायचा. आपले मेंढपाळ घोंगडीची खोळ करतात तसं. रात्री तेच पांघरूण. हवेशी झगडायचं काम वरच्या भागाकडे होतं, खालची कड गुडघ्याशीच थांबत होती. ट्वीडचं जाकीट आणि लांब रेनकोट आज त्या खोळीची जागा घेतात.

*पाऊस.* एडिनबराला वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ग्लासगोला हजाराच्या वर. कोकणातल्या माणसाला हे आकडे चिल्लर वाटतील. पण इथला पाऊस धो-धो पडून मोकळा होत नाही, भुरभुरत राहतो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. अशा कुंद, ओल्या, गारठलेल्या दिवसाला स्कॉट लोक 'ड्रीख' म्हणतात, आणि त्या शब्दातला ख घशातून खाकरून काढावा लागतो. छत्रीचा उपयोग नाही, ती उलटी होते. मांडीपर्यंत येणारा रेनकोट घ्या, म्हणजे निऱ्यांचा वरचा भाग कोरडा राहतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे भुरभुर पावसात तासभर काहीच होत नाही. त्यापुढे मात्र ती जड होत जाते आणि ओल्या मेंढीचा वास यायला लागतो.

डोंगरात, ओल्या गवतातून चालायचं असेल तर कड वाटीच्या वरच्या काठाशी असलेली बरी. मापातल्या मापात हे जमतं : बकलं एक भोक घट्ट करून किल्ट अर्धा इंच वर बसवा. नडगीवर गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत येणारी आवरणं, बांधा. लांब कड गवताचं पाणी शोषते आणि मग ते पाणी तुमच्याबरोबर डोंगर चढतं. पहिल्या महायुद्धात स्कॉटिश पलटणी किल्ट घालूनच खंदकांत उतरल्या होत्या. चिखलाने माखलेली, मग गोठून कडक झालेली कड चालताना गुडघ्यामागची कातडी कापायची. 1940 च्या आसपास लढाईतून किल्ट हद्दपार झाला.

*वारा.* नवख्यांना सगळ्यांत धास्ती याची. एडिनबराचा नॉर्थ ब्रिज ओलांडून बघा, तिथे पावसाळी जाकीटही अंगावर राहायला तयार नसतं. 16 औंस, 8 वार आणि बरोबर लांबी असेल तर मागच्या निऱ्या त्यांच्या वजनाने खाली राहतात. पुढे स्पोरन असतं, म्हणजे साखळीने कमरेला अडकवलेली कातडी चंची. ती दोन्ही पदरांना मधोमध दाबून धरते. पट्ट्याच्या बकलाखाली हाताच्या रुंदीइतकं अंतर ठेवून ती लटकवायची. फार खाली सोडली तर चालताना भलतीकडे आपटते, आणि हा धडा एकदाच पुरतो.

पदराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर किल्टपिन लावतात. ती फक्त वरच्या पदरात अडकवायची. दोन्ही पदर एकत्र टोचले की वाऱ्यापासून सुरक्षित होऊ असं वाटतं, पण पहिल्याच खुर्चीत बसताना कापड फाटतं. पिनेचं काम वजन देण्याचं.

*ऊन.* इथला उन्हाळा म्हणजे जुलैत दुपारी 19-20 अंश. त्याला 16 औंस सहज चालतो. 25 च्या वर गेलं तर 13 औंस, टी-शर्ट, आणि मोजे घोट्यापर्यंत खाली लोटून द्या, औपचारिक कार्यक्रम नसेल तर कुणी काही म्हणत नाही. किल्ट आखूड करून गारवा मिळत नाही, कारण घाम येतो तो कमरेला, जिथे बकलांखाली चार थर आवळलेले असतात. मांड्यांना हवा तशीही भरपूर. मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नात नाशिकला मी 16 औंसांचा किल्ट घातला होता. मंगलाष्टकं संपेपर्यंत कमरेभोवती पाण्याची रेघ उमटली होती, आणि काकू दर पाच मिनिटांनी "अरे, धोतर नेस की" म्हणत होत्या. काकूंचं बरोबर होतं. हवेशी खरं जुळतं ते धोतर, किल्ट नाही. 35 अंशांच्या वर लोकरी किल्ट घालू नका, कितीही हलका असो.

उन्हाळ्यात पश्चिम हायलँडमध्ये मिज नावाच्या चिलटांचे थवे असतात. वाऱ्यात आणि कडक उन्हात ती उडत नाहीत, पण वारा पडलेल्या ढगाळ संध्याकाळी उघडे गुडघे म्हणजे त्यांची पंगत. मोजे वर ओढा, गुडघ्यांना औषध चोळा. नेचांच्या रानातून चालून आलात तर घरी गुडघ्यामागे आणि जांघेत गोचीड चिकटली आहे का ते नीट बघा. तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची.

पायरी 5 : किल्ट नको, साधा स्कर्ट हवा असेल तर

इथे लांबी मोकळी आहे. खाली काठाची भानगड नाही, टेलर दुमडून देतो, आणि गुडघ्याचा नियम लावायला कुणी येत नाही. तेव्हा हवेचं ऐका.

दमट उकाड्यात गुडघ्यावर, सैल, सुती. रणरणत्या कोरड्या उन्हात मात्र उलट : पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा पातळ, सैल स्कर्ट आखूड स्कर्टपेक्षा थंड वाटतो, कारण पायांवर सावली राहते आणि आतून हवा फिरते. लुंगी नेसणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. घरात सोडलेली, चिखल आला की अर्धी वर खोचलेली. एकाच कापडाच्या दोन लांब्या, तीही हात न थांबवता. म्यानमारचा लोंजी घोट्यापर्यंत येतो, फिजीतला सुलू गुडघ्याच्या खाली, आणि तो ऑफिसला चालेल असा खिसे लावून शिवलेलाही मिळतो. 2017 च्या जूनमध्ये उष्णतेच्या लाटेत फ्रान्समधल्या नाँत शहरात बसचालकांना अर्ध्या चड्डीची परवानगी नव्हती, तर त्यांतले काही जण स्कर्ट घालून कामावर आले. बायकांना चालतो तर आम्हाला का नाही, एवढाच मुद्दा.

कोरड्या थंडीत घोट्यापर्यंतचा लोकरी स्कर्ट उत्तम, आतून तंग विजार. ओल्या थंडीत घोट्यापर्यंतचा स्कर्ट म्हणजे चालता-बोलता पोतेरं, तिथे गुडघ्याशी थांबा आणि खाली लांब मोजे घाला. भूतानचे पुरुष घो नावाचा अंगरखा घालतात तोही गुडघ्यापर्यंत उचलून, खाली लांब मोजे. डोंगराळ, ओल्या, गारठ्याच्या दोन मुलखांनी एकमेकांना न विचारता तोच तोडगा काढला, याचं मला अजून नवल वाटतं.

सायकल चालवत असाल तर पोटरीपर्यंतचा घेरदार स्कर्ट साखळीत अडकतो. गुडघ्यावरचा घ्या, किंवा पँट घाला.

पायरी 6 : पहिला दिवस आणि नंतर

बसताना मागच्या निऱ्या दोन्ही हातांनी खाली चेपत बसायचं, आणि पुढचा पदर गुडघ्यांच्या मध्ये थोडा दाबायचा. बहिणीला विचारा, ती दोन मिनिटांत दाखवेल. जिना चढताना मागे लोक आहेत याचं भान ठेवा. वाकून बूट बांधू नका, खुर्चीवर बसून बांधा. पहिला दिवस लग्नाचा नसावा. आदल्या रविवारी घालून किराणा आणायला जा. दूध-ब्रेड घेऊन परत येईपर्यंत वारा, जिना, बसची खुर्ची सगळ्याचा सराव होतो, आणि इथे किल्टवाल्या माणसाकडे वळून कुणी बघत नाही.

भिजून आलात तर किल्ट हीटरवर टाकू नका, लोकर आटते. झटकून, निऱ्या हाताने सारख्या करून कमरेच्या बाजूने हँगरला अडकवा आणि हवेशीर खोलीत ठेवा. जड किल्टला पूर्ण वाळायला दीड-दोन दिवस लागतात. इस्त्री ओल्या सुती फडक्यावरून, दाबून उचलायची, घासायची नाही.

आणि कसर. कपाटातल्या लोकरीला ती इथेही लागते, आणि खाते नेमकी निरीच्या आतल्या घडीत, जिथे तुम्ही बघत नाही. वर्षातून दोनदा सगळ्या निऱ्या उलगडून उजेडात धरा. आईने पार्सलमध्ये पाठवलेल्या डांबरगोळ्या मी एक हिवाळा वापरल्या. कसर लागली नाही, पण पुढच्या केलीत माझ्याबरोबर नाचणारी प्रत्येक जण हाताच्या अंतरावर नाचत होती. आता लव्हेंडरची पुरचुंडी ठेवतो.